दोघींपुरती भाषा

धाकटीला आणि तिच्या ताईला हातांनी बोलता यायला लागलं आधी, तोंडानं नंतर. त्यांच्या आईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती एका छापखान्यात जुळारी होती. एकेका अक्षराचे शिशाचे खिळे वेचून उलट्या अक्षरांच्या ओळी जुळवायची. यंत्रांच्या धडधडाटानं बाकीच्या कामगारांची डोकी उठायची, आई मात्र खाली मान घालून शांतपणे काम करायची आणि काळी बोटं घेऊन घरी यायची. अक्षरं तिला तिच्या वडिलांनी घरी बसवून शिकवली होती, पण खुणांची भाषा शिकवणारी शाळा काही तिच्या वाट्याला आली नाही. मग मुली झाल्यावर तिघींनी मिळून घरातच एक भाषा घडवली. मुलींचे वडील धाकटी रांगत असतानाच वारले होते, त्यामुळे त्या भाषेत चौथं कुणी नव्हतं.

गाल फुगवून पोटावरून हात फिरवला की घरमालक. हनुवटी खाजवली की खोटं. वेणी मागे टाकल्यासारखं केलं की ताई. आणि स्वतःचीच बाही ओढली की धाकटी, कारण ती सदान्‌कदा आईची बाही धरून लोंबकळत असायची. पोटावर मूठ फिरवली की भूक. तीच मूठ छातीवर फिरवली की आठवण.

शेजारणी आपापल्या पोरांना सांगायच्या, "बघा जरा त्या दोघींकडे, घरात आवाज म्हणून नाही!" नेमक्या त्याच वेळी दोघी बहिणी एकमेकींना हातवारे करून नाही नाही ते बोलत असायच्या.

ताई मोठी होऊन कर्णबधिर मुलांची शिक्षिका झाली. त्या प्रशिक्षणातच तिला पलीकडच्या देशातला एक चष्मेवाला, हसरा माणूस भेटला. लग्न करून ती त्याच्याबरोबर गेली आणि तिथल्या शाळेत शिकवू लागली. तेव्हा पलीकडचा देश म्हणजे आगगाडीनं एका दिवसाचा प्रवास. ताई सुटीत यायची, धाकटी परीक्षा संपली की जायची. मग आई वारली. तिची खोली आवरताना दोघींनी दिवसभर तोंडातून एक शब्द काढला नाही, सगळं हातांनीच बोलल्या. शेवटी ताई म्हणाली, "आता ही भाषा आपल्या दोघींपुरतीच उरली गं."

त्यानंतर काही वर्षांतच पलीकडे लष्करानं सत्ता घेतली. सरकारविरोधी टोळ्या बाजारात, स्टेशनात बॉम्ब ठेवू लागल्या, सरकार त्याचा सूड गावंच्या गावं उठवून घेऊ लागलं, आणि बाकीच्या जगानं त्या देशावर निर्बंध घातले. आगगाडी बंद झाली. बँका बंद झाल्या. कॉम्प्युटरवरून एकमेकींचे चेहरे बघत बोलायची सोय होती, ती पुरवणाऱ्या कंपन्यांनीही तिथून काढता पाय घेतला. उरला साधा फोन.

आणि फोनवर या दोघींना बोलताच येईना.

"कशी आहेस?"

"बरी आहे. तू?"

"बरी आहे."

पुढे खरखर. घरी असत्या तर एवढ्या वेळात ताईनं शाळेच्या मुख्याध्यापिकेची नक्कल करून धाकटीला लोळवलं असतं. फोनवरची ताई म्हणजे कुणी तरी सभ्य, ओळखीची बाई वाटायची. फोन ठेवला की धाकटीला तो यायच्या आधीपेक्षा जास्त एकटं वाटायचं.

धाकटी तेव्हा विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंधांवर संशोधन करत होती. सागरी हद्दींचा विषय मंजूर झालेला. तो सोडून तिनं निर्बंधांचा मागितला. तिच्या मार्गदर्शक सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"घरच्या दुखण्यावर प्रबंध लिहू नये," ते म्हणाले. "एक तर रडू येतं, नाही तर खोटं लिहावं लागतं."

"मी दोन्ही करणार नाही, सर."

"बघू," सर म्हणाले, आणि त्यांनी सही केली.

तिनं खरोखरच दोन्ही केलं नाही. वाचनालयाच्या तळघरात बसून तिनं एकेका देशावरच्या निर्बंधांचा इतिहास चाळला. कोण नमलं, कोण नमलं नाही, भुर्दंड कुणाला पडला. तिचं म्हणणं थोडक्यात असं होतं: एखाद्या देशाची सगळीच दारं बंद केली, की आतल्या माणसांना पिठापासून पेट्रोलपर्यंत सगळ्यासाठी त्याच सत्ताधाऱ्यांच्या तोंडाकडे बघावं लागतं, आणि ज्यांना धडा शिकवायचा तेच खुर्चीत आणखी घट्ट बसतात. बंदी घालायची तर नेमक्या माणसांवर घाला, हत्यारांवर घाला, टोळ्यांना रसद पुरवणाऱ्यांवर घाला. प्रबंध गाजला. पुस्तक झालं, त्याच विभागात नोकरी लागली, परिषदांची बोलावणी येऊ लागली. टीव्हीवाले मात्र तिला एकदाच बोलावून थांबले, कारण बोलताना तिचे हात इतके चालायचे की निवेदक तिच्या तोंडाऐवजी हातांकडेच बघत राहायचा. लग्नाचं मनात होतं, पण ते राहूनच गेलं. हा निबंध झाला की बघू, ही परिषद झाली की बघू, असं म्हणता म्हणता केस पिकायला लागले.

मग तिला निर्बंधांच्या देखरेख समितीवर घ्यायचं ठरलं. पलीकडच्या देशात काय जाऊ द्यायचं, काय अडवायचं, कशाला सूट द्यायची, यावर सल्ला देणारी ही तज्ज्ञांची समिती. अध्यक्ष होते एक निवृत्त न्यायमूर्ती. उंच, कमी बोलणारे.

"तिकडे तुमचं कुणी आहे?" त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं.

"मोठी बहीण आहे, साहेब."

"मग समितीवर असेपर्यंत तिच्याशी संबंध ठेवता येणार नाही. फोनसुद्धा नाही. विचार करा आणि सांगा."

धाकटीनं ताईला फोन लावला. सगळं सांगितलं. खरखरीतून ताईचा आवाज आला, नेहमीपेक्षा ठाम.

"घे ते काम."

"अगं, पण बोलता येणार नाही आपल्याला."

"आत्ता तरी कुठे बोलतोय? कशी आहेस, बरी आहे! त्यापेक्षा एक कर. आमच्या मुलांच्या कानातल्या यंत्रांना बॅटऱ्या मिळत नाहीत. यंत्रं आहेत, कपाटात पडून आहेत. लहान मुलं चार शब्द ऐकायला लागली होती, ती पुन्हा गप्प झाली. हे कुणी विचारलं तर सांग. नाही विचारलं तरी सांग."

"ताई..."

"मी काही कुठे पळून जात नाही, धाकटे. घे."

समितीची खोली मोठी होती, खिडक्या न उघडणाऱ्या. लांब टेबल, त्यावर पाण्याच्या बाटल्या आणि प्रत्येकाच्या नावाची पाटी, भिंतीशी काचेच्या खोक्यांत बसलेले दुभाषे. धाकटीला हे काम आवडलं. पुस्तकात ती ज्याला एका शब्दात 'परिणाम' म्हणत असे, ते इथे सुट्या मालाच्या रूपानं समोर यायचं. पाणी शुद्ध करायची पावडर. ट्रकचे टायर. भूल द्यायचं औषध. प्रत्येक वस्तूचा एक चांगला उपयोग होता आणि एक वाईट.

बॅटऱ्यांचा विषय तिनं काढला तेव्हा विरोध केला तो बॉम्बसाहेबांनी. हे निवृत्त पोलीस अधिकारी. सगळी नोकरी बॉम्ब निकामी करण्यात गेलेली, म्हणून समितीत सगळे त्यांना याच नावानं हाक मारायचे आणि त्यांनाही ते चालायचं. त्यांचा डावा कान एका स्फोटात कायमचा गेला होता. बोलणाऱ्याकडे उजवा कान करून बसायची त्यांची सवय होती.

"मॅडम," ते म्हणाले, "या बटणाएवढ्या बॅटऱ्या मी मातीतून चिमट्यानं उचलल्या आहेत. शेजारी काय काय पडलेलं होतं ते जेवायच्या आधी सांगत नाही."

"आणि मी त्याच बॅटऱ्या मुलांच्या कानामागे बघितल्या आहेत."

"मी खोटं सांगत नाहीये."

"मीही नाही."

दोघांचंही खरं होतं, आणि तीच अडचण होती. न्यायमूर्तींनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "आपण तिथे जाऊन बघू," ते म्हणाले.

असा तो दौरा ठरला. धाकटी ताईच्या देशात निघाली होती आणि ताईला कळवायची सोय नव्हती. विमानातून उतरल्यापासून तिला ओळखीच्या खुणा दिसू लागल्या. कोपऱ्यावरचं चपलांचं दुकान, तिथे ताईनं तिला एकदा लाल सँडल घेऊन दिले होते. नदीवरचा लोखंडी पूल, आता एका बाजूनं बंद. रस्त्यावरची माणसं गाड्यांचा ताफा जाईपर्यंत भिंतीला लागून उभी राहायची आणि त्यांच्या चेहऱ्यांवर काहीच नसायचं. ती प्रत्येक बाईचा चेहरा बघत होती.

तिसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी तिथल्या सरकारी अधिकाऱ्यानं कार्यक्रमात बदल असल्याचं सांगितलं. गोदामाऐवजी आज कर्णबधिर मुलांची शाळा. शहरात तशी शाळा एकच होती.

गाडीत ती न्यायमूर्तींच्या शेजारी बसली. "साहेब, त्या शाळेत माझी बहीण शिकवते. हे मी ठरवलेलं नाही, मला आत्ता कळलं."

न्यायमूर्ती तिच्याकडे वळले. "तुम्हाला गाडीत थांबायचं असेल तर थांबा," ते म्हणाले. "आत आलात तर तुम्ही समितीच्या सदस्य. बाकी कुणी नाही. जमेल?"

"जमेल," ती म्हणाली. तिला स्वतःलाच ते खोटं वाटलं.

शाळेच्या व्यायामाच्या हॉलमध्ये मुलं रांगा करून जमिनीवर बसली होती. समितीसाठी खुर्च्या, बाजूला कॅमेरेवाले, दारात गणवेशातले दोन जण. शिक्षक भिंतीला टेकून उभे होते. त्यांत ताई. केस पांढरे झालेले आणि कापून मानेपर्यंत केलेले, म्हणजे वेणी नव्हतीच. अंगावर ढगळ स्वेटर. तिनं धाकटीला बघितलं, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघावं तसं पुढे बघायला लागली. धाकटीनं फाइल मांडीवर घेतली आणि दोन्ही हात तिच्याखाली दाबून ठेवले.

शिक्षण खात्याचा एक अधिकारी भाषणाला उभा राहिला. मुलांना ते कळावं म्हणून एक शिक्षिका त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. ती ताईच होती. तिचे हात तिथल्या खुणांच्या भाषेत सुरू झाले. धाकटीला त्यातलं काही कळेना. तिला घरात आईबरोबर घडवलेली तेवढी भाषा येत होती, ही दुसरीच. तरी ते हात तिला पाठ होते. करंगळी थोडी वाकडी, मनगट सैल. ती नुसती बघत राहिली.

आणि मग चालू भाषांतराच्या मध्येच ताईनं स्वतःची बाही ओढली.

अधिकारी बोलत होता, ताईचे हात पुन्हा परक्या भाषेत चालले होते. थोड्या वेळानं त्यातच दोन तळवे एकमेकांजवळ आले: वाळलीस. मग बोटं तोंडाशी, भुवया वर: जेवतेस का? पुन्हा भाषांतर. अधिकारी म्हणाला की आमच्या सरकारनं या मुलांना कशाचीही उणीव भासू दिलेली नाही. ताईनं ते वाक्य नीट पूर्ण केलं आणि हनुवटी खाजवली.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं गोंधळून शेजारणीकडे बघितलं आणि आपलीही हनुवटी खाजवली. मग तिच्या शेजारणीनं खाजवली. बाईंच्या हातांना आज झालंय तरी काय, म्हणून सगळी रांग खुदखुदायला लागली. आपलं भाषण मुलांना भावलं असं समजून अधिकारी आणखी रंगात आला. धाकटीनं ओठ दातांखाली धरले. इतक्या वर्षांत तिला असं हसू आलं नव्हतं, आणि ते दाबताना डोळ्यांत पाणी जमलं.

मग ताईनं अंगठा आणि बोट जुळवून डोळ्यापुढे धरलं. चष्मेवाले, म्हणजे भाऊजी. धाकटी पुढची खूण बघायला किंचित पुढे सरकली. ताईनं तळहात उघडला आणि खडूची भुकटी उडवावी तशी त्यावर फुंकर मारली. वडिलांचा विषय निघाला की आई असंच करायची.

भाऊजी गेले होते. कधी, कसे, काही कळायला मार्ग नव्हता. ताईचे हात लगेच भाषणाकडे वळले. धाकटी खाली बघत बसली. न्यायमूर्तींचे चकचकीत बूट तिच्या शेजारीच होते. सदस्य, बाकी कुणी नाही, असं ती मनाशी घोकत राहिली. तिनं वर बघितलं तेव्हा अधिकारी वाक्याच्या शेवटाला आला होता आणि ताई भाषांतरात मागे पडली होती. ताईची मूठ छातीवर होती. ती मूठ हळू फिरत होती आणि ताई सरळ धाकटीकडे बघत होती.

धाकटीनं फाइलखालून हात काढला आणि तीच खूण केली. बघणाऱ्याला वाटलं असतं, बाईंना जळजळ होत असावी.

कार्यक्रम संपल्यावर समितीनं शिक्षकांशी ओळीनं हस्तांदोलन केलं. ताईची पाळी आली. "नमस्कार, मॅडम," ताई तिथल्या भाषेत म्हणाली. तिचा हात खरखरीत आणि गरम होता. धाकटीनं तो घट्ट धरला, आणि पुढचे शिक्षक हात पुढे करून उभे होते म्हणून सोडला.

परतीच्या गाडीत बॉम्बसाहेब तिच्या शेजारी येऊन बसले. उजवा कान तिच्याकडे करून हळूच म्हणाले, "मला अर्धंच ऐकू येतं ना, मॅडम, म्हणून मी माणसांचे हात फार बघतो. भाषांतर करणाऱ्या बाई काही तरी वेगळंच मिसळत होत्या. तुम्ही उत्तर दिलंत."

"माझी मोठी बहीण आहे ती. तिचा नवरा वारलाय, हे मला आज तिथे कळलं."

बॉम्बसाहेबांनी खिशातला स्वच्छ रुमाल काढून तिच्या फाइलवर ठेवला आणि खिडकीकडे तोंड फिरवून बसले. "मी काही बघितलं नाही," ते काचेला उद्देशून म्हणाले.

पण परत आल्यावर धाकटी स्वतःच न्यायमूर्तींकडे गेली आणि तिनं घडलेलं सांगितलं.

"माझ्याकडे कुणी तक्रार केलेली नाही," ते म्हणाले.

"मी करतेय, साहेब. बॅटऱ्यांचा मुद्दा आता माझ्या तोंडून आला तर उद्या कुणीही म्हणेल, बाईंनी बहिणीसाठी केलं. आणि ते खरंच असेल."

न्यायमूर्तींनी तिचा राजीनामा घेतला. दारापर्यंत सोडायला आले, हे ते कुणासाठी करत नसत. "वाईट वाटतं," एवढंच म्हणाले.

काही महिन्यांनी बॉम्बसाहेबांचा फोन आला. बॅटऱ्यांचा विषय त्यांनी स्वतःच पुन्हा काढला होता. "अर्धंच काम झालं, मॅडम. हॉस्पिटलांना मिळतील, मोहोरबंद पाकिटांत. शाळांचं काही मंजूर झालं नाही. मुलांना हॉस्पिटलात नेऊन बसवून घ्याव्या लागतील."

"तुम्ही तर विरोधात होतात!"

"अजूनही आहे. मला त्या बॅटऱ्यांची भीती वाटते. पण ती पोरगी हनुवटी खाजवत होती ना, ती काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नाही."

धाकटी आता मोकळी होती. तिनं पलीकडच्या देशाच्या वकिलातीत व्हिसासाठी अर्ज केला. नकार आला. पुढच्या वर्षी पुन्हा केला, पुन्हा नकार. शत्रूच्या समितीत बसलेल्या बाईला ते कशाला येऊ देतील? ताईशी फोन पुन्हा सुरू झाला. कशी आहेस. बरी आहे. भाऊजींचं तिनं एकदा विचारलं, तर ताई म्हणाली, "फोनवर नको." विद्यापीठात धाकटी शिकवत राहिली, नवे विद्यार्थी घडले, पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. एखादं व्याख्यान रंगलं की मुलं तिच्या हातांची नक्कल करायची, आणि तिला ते बरं वाटायचं.

असं बरंच चाललं. मग एका तिसऱ्याच देशात कर्णबधिर मुलांच्या शिक्षकांचं शिबिर भरलं आणि ताईला तिकडे जायची परवानगी मिळाली. धाकटीनं रजा टाकली, आणि शिबिरानंतरच्या आठवड्यासाठी तिथेच एका शिंप्याच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली.

दार उघडून ताई आत आली, पिशवी खाली ठेवली, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मग बाजूला होऊन त्यांनी हात वर केले, आणि गाडी अडली. धाकटी निम्म्या खुणा विसरली होती. बोलायला कुणी नसलं की भाषा गंजते. ताईच्या हातांत तिथल्या खुणा मिसळल्या होत्या. धाकटीनं गाल फुगवून घरमालकाचं काही तरी सांगितलं, तर ताई भोळेपणानं पिशवीतून पाव काढायला लागली.

"पाव कशाला?"

"तूच मागितलास ना?" मग ताईच्या लक्षात आलं आणि ती पलंगावर बसून हसत सुटली. "आमच्याकडे गाल फुगवले की पाव गं!"

दोन दिवस ताईनं तिला भाषा पुन्हा शिकवली. कात्री अशी, मावशी अशी, कंटाळा असा. हळूहळू हात सुटले. मग दोघी चहा गार करत तासन्‌तास बोलल्या, आईच्या नकला केल्या, शेजारणींच्या केल्या. खालच्या शिंप्याची बायको एकदा कपडे द्यायला वर आली आणि दारातच थबकली. दोन म्हाताऱ्या होत आलेल्या बायका एका शब्दाशिवाय खिदळत होत्या.

भाऊजींचं मात्र ताईनं तोंडानं सांगितलं. "याला आपल्याकडे खूण नाही," ती म्हणाली. ट्रामच्या थांब्यावर बॉम्ब ठेवला होता. भाऊजी दुधाच्या रांगेत होते, रांग थांब्यापर्यंत आली होती. "दूध नव्हतं ना मिळत, म्हणून रांग. आणि रांग होती म्हणून टोळीवाल्यांनी बॉम्ब तिथे ठेवला. कुणाला काय म्हणू मी? तुझ्या त्या बॉम्बवाल्या साहेबांना सांग, ते खरं बोलत होते. तपास करणाऱ्यांना तिथे असलीच एक छोटी बॅटरी सापडली."

धाकटी म्हणाली, "आणि तरी तुला शाळेसाठी बॅटऱ्या हव्या आहेत?"

"हव्या आहेत. मुलांनी काय केलंय?"

जायच्या आदल्या दुपारी धाकटीनं मनातलं काढलं. "परत जाऊ नकोस. मी सगळं बघून ठेवलंय. विद्यापीठाजवळ माझं घर आहे, तुझी वेगळी खोली आहे. तिथल्या शाळेत तुझ्यासाठी बोलून ठेवलंय. कागदपत्रांचं मी करते, मला त्यातलं कळतं."

"मला न विचारता?"

"विचारणार कशी? फोनवर?"

ताई उठून खिडकीशी गेली. "तुला वाटतं मी तिथे अडकलेय."

"नाही का अडकलीस?"

"अडकलेय. पण तिथे एक मुलगी आहे, माझ्याशिवाय कुणाशी हात हलवत नाही. तिचे आईवडील गेले. तशी आणखी आहेत. सकाळी वर्गात पाय टाकला की सगळे एकदम बोलायला लागतात, मला कुठे बघू नि कुठे नको असं होतं. तुझ्याकडे आले तर तू कामाला जाशील, आणि मी संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत बसेन."

"आणि मी, ताई? मी कुणाशी बोलू?"

ताईनं धाकटीला समोर बसवलं, तिचे केस सोडले आणि कंगवा घेऊन विंचरायला लागली. गुंता बराच होता. ताईचे हात केसांत गुंतलेले आणि धाकटीची पाठ तिच्याकडे, त्यामुळे दोघींनाही काही बोलता आलं नाही.

सकाळच्या बसनं ताई गेली. धाकटी खोलीवर परत आली. तिची गाडी दुपारची होती, आवराआवर करायला वेळ होता. दोरीवर ताईचा निळा टॉवेल राहून गेला होता. निघायच्या आधी तिनं तो धुऊन वाळत घातला होता आणि घाईत तसाच विसरली होती. धाकटीनं हात लावून बघितला, ओला होता. ऊन खिडकीच्या निम्म्यावर आलं होतं. तिनं खुर्ची ओढली, टॉवेल दोरीवरच थोडा उन्हाच्या बाजूला सरकवला आणि तो वाळायची वाट बघत बसून राहिली.